रडायचं नाही, लढायचं? बोलून बरे होण्याचा इतिहास आणि आपली चळवळ

'रडायचं नाही, लढायचं' ही घोषणा आपण सगळ्यांनी दिली आहे. मोर्चात ती शोभते. पण मोर्चा संपल्यावर, झेंडे गुंडाळून ठेवल्यावर, जो कार्यकर्ता घरी जाऊन चार-चार दिवस अंथरुणातून उठत नाही, फोन उचलत नाही, आंघोळीलाही उठायचा कंटाळा करतो, त्याच्यासाठी आपल्याकडे कोणती घोषणा आहे? बहुतेक वेळा आपण म्हणतो, 'तो ढिला पडला', 'घरच्या भानगडीत अडकला', 'समाजाशी बांधिलकी उरली नाही'. आणि एखादा धीर करून म्हणालाच की मला डिप्रेशन आहे, तर उत्तर तयार असते : ही सगळी पैसेवाल्यांची, शहरी सवर्णांची थेरं. आपल्या बापजाद्यांनी यापेक्षा जास्त सोसलं, त्यांना कुठं झालं डिप्रेशन?

झालं होतं. त्याला नाव नव्हतं, आणि ते ऐकायला कोणी बसत नव्हतं.

रोहित वेमुला १७ जानेवारी २०१६ रोजी गेला. डॉ. पायल तडवी २२ मे २०१९ रोजी गेली. चळवळीने या मृत्यूंना संस्थात्मक हत्या म्हटले, आणि ते बरोबरच होते. पण तेवढ्यावर थांबून चालत नाही. अन्याय करणाऱ्या संस्थेशी लढणे हे एक काम. त्या संस्थेत या क्षणी एकट्या बसलेल्या आपल्या मुलामुलीला जिवंत आणि उभे ठेवणे हे दुसरे. दुसरे काम केले म्हणून पहिले सुटत नाही. या लेखात आम्ही दुसऱ्या कामाचा इतिहास सांगणार आहोत. तो पाहायला दूर जायची गरज नाही. त्यातला सर्वांत महत्त्वाचा भाग आमच्या सिंधुदुर्गाला लागून, बांद्याच्या पलीकडे पत्रादेवीचा नाका ओलांडला की सुरू होतो.

पण आधी अलीकडचे पाहू.

मालवण किनाऱ्यावर दुःख सांगायची एक जुनी रीत आहे. तिला गाऱ्हाणे म्हणतात. देवळात मानकरी उभा राहतो, देवाला साकडे घालतो, आणि प्रत्येक वाक्याला जमलेले लोक 'व्हय म्हाराजा' म्हणतात. मालवणी नाटकांनी आणि सिनेमांनी ते गमतीचे करून टाकले आहे. खरे तर ती गंभीर गोष्ट आहे. गावाचे दुखणे मोठ्याने बोलायचे, आणि चारचौघांनी 'होय, हे आम्ही ऐकले' असे म्हणायचे, यात माणसाच्या एका खोल गरजेची ओळख आहे. प्रश्न एवढाच, की बोलायचे कोणी? बोलणार मानाचा माणूस. बाईने बोलायचे नाही. गावऱ्हाटीत महाराला काम होते, ठरलेली जागाही होती, पण ती उंबऱ्याबाहेरची. त्याच्या वाट्याला 'व्हय म्हाराजा' येई. गाऱ्हाणे कधी आले नाही.

कौल लावण्याचेही तसेच. घरातली सून गप्प गप्प राहते, जेवत नाही, रात्री जागते, म्हणून देवाला कौल लावला जातो. देवाने उजवा दिला की डावा, यावरून बाधा कोणाची ते ठरते, आणि नारळ की कोंबडा तेही ठरते. त्या सुनेला मात्र कोणी विचारत नाही, 'बाय, तुका काय वाटता?' तिच्या दुखण्याबद्दल सगळे बोलतात, ती सोडून. आम्ही अंधश्रद्धेवर टीका करतो तेव्हा फसवणूक आणि पैशांची लूट यावरच बोट ठेवतो. त्याहून मोठी लूट ही आहे. तिचे शब्दच काढून घेतले जातात.

इंग्रज सरकारने दुसरी सोय केली. १८५८ साली वेड्यांच्या इस्पितळांचा कायदा झाला, आणि १८८६ साली रत्नागिरीला मनोरुग्णालय उभे राहिले. तेव्हा मालवण रत्नागिरी जिल्ह्यातच होते. सिंधुदुर्ग वेगळा झाला तो १ मे १९८१ रोजी. या इस्पितळामागचा विचार उपचारापेक्षा बंदोबस्ताचा होता. जो दंगा करतो, कपडे फाडतो, रस्त्यावर फिरतो, त्याला आत घ्यायचे. जी बाई चुलीपुढे बसून निमूट रडते, ती कोणाला त्रास देत नाही. मग तिला कोण नेणार? 'रत्नागिरीला पाठवू का?' ही आपल्याकडची थट्टा याच इतिहासाची शिल्लक आहे. मनाचा आजार म्हणजे वेड, आणि वेड म्हणजे भिंत, असे गणित लोकांच्या डोक्यात पक्के बसले.

या किनाऱ्यावरच्या दुःखाला आणखी एक कारण होते. कोकणची अर्थव्यवस्था मनीऑर्डरवर चालते असे म्हणत. पुरुष गिरणीत, गोदीत, मुंबईच्या चाळीत. बाया, म्हातारी आणि पोरे गावात. २०११ च्या जनगणनेतही सिंधुदुर्गात दर हजार पुरुषांमागे १०३६ स्त्रिया होत्या. हा आकडा स्त्री-सन्मानाचा पुरावा म्हणून मिरवणारे लोक आम्ही पाहिले आहेत. त्यात बेपत्ता पुरुषांची संख्या लपली आहे हे त्यांना दिसत नाही. जानेवारी १९८२ मध्ये गिरणी संप सुरू झाला. मनीऑर्डरी थांबल्या, आणि अनेक पुरुष हात हलवत गावी परतले. आर्थिक इतिहासकारांनी या संपावर पुष्कळ लिहिले. परतलेला तो माणूस पडवीत बसून दिवसभर कुठे बघत होता, हे कोणी लिहिले नाही.

आता थोडे युरोपात जाऊ, कारण 'बोलण्याचा उपचार' हे नाव तिथले आहे. नाव देणारा डॉक्टर होता असे आपल्याला वाटते. तसे नाही. १८८० ते १८८२ या काळात व्हिएन्नात जोसेफ ब्रॉयर हा डॉक्टर एका तरुणीवर उपचार करत होता. ती बोलत राहिली की तिला हलके वाटे. या प्रकाराला 'टॉकिंग क्युअर' हे नाव तिनेच दिले. १८९५ साली ब्रॉयर आणि फ्रॉइड यांनी तिची कहाणी 'ॲना ओ.' या टोपणनावाने छापली. तिचे खरे नाव बर्था पापेनहाइम. पुस्तकात ती बरी झाल्यासारखी दिसते; प्रत्यक्षात त्यानंतरही तिला इस्पितळात राहावे लागले होते. पण पुढे ती उभी राहिली, अनाथ आणि फसवल्या गेलेल्या मुलींसाठी काम करू लागली, आणि १९०४ साली तिने जर्मनीतल्या ज्यू स्त्रियांची संघटना स्थापन केली. म्हणजे ज्या बाईने या उपचाराला नाव दिले, तीच पुढे संघटक झाली. डिप्रेशन आले म्हणजे माणूस चळवळीच्या कामाचा उरला नाही असे समजणाऱ्यांनी हे नाव लक्षात ठेवावे.

भारतात हा विचार लवकर आला. १९२२ साली कोलकात्यात गिरींद्रशेखर बोस यांनी मनोविश्लेषणाची संस्था काढली. पण ती भद्रलोकांची, इंग्रजी वाचणाऱ्यांची गोष्ट राहिली. १९६० च्या दशकात अमेरिकेत ॲरन बेक यांनी उदास माणसाच्या विचारांवर काम सुरू केले. 'मी कुचकामी आहे' हा विचार खरा मानून न चालता तो पुरावा देऊन तपासायचा, अशी ती पद्धत. अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ पद्धत किशोर फडके यांनी मराठीत आणली. १९९० साली ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी आयपीएच ही संस्था सुरू केली. या कामाला आम्ही कमी लेखत नाही. मराठीत मनाच्या आजारावर उघड बोलायची सवय या लोकांनी लावली. पण मुंबई, ठाणे, पुण्याबाहेर काय? देवगड-वेंगुर्ल्याच्या बौद्धवाडीतून, दिवसाची मजुरी बुडवून, एसटीने, फी भरून, दर आठवड्याला कोण जाणार? बोलण्याचा उपचार होता. तो आपल्यासाठी नव्हता, इतकेच.

हे चित्र गोव्यात बदलले.

१९९६ साली गोव्यात संगाथ ही संस्था सुरू झाली. तिच्या संस्थापकांपैकी डॉ. विक्रम पटेल त्याआधी झिम्बाब्वेत काम करून आले होते. तिथल्या शोना भाषेत उदासीला 'कुफुंगिसिसा' म्हणजे 'फार विचार करणे' असे म्हणतात, हे त्यांनी पाहिले होते. गोव्यातही तसेच निघाले. सरकारी दवाखान्यात येणारी बाई 'मला डिप्रेशन आहे' असे म्हणत नव्हती. ती म्हणे, अंग दुखते, थकवा येतो, झोप लागत नाही, अंगावरून पांढरे जाते. डॉक्टर लोहाच्या गोळ्या आणि टॉनिक लिहून देई. जरा थांबून विचारले की ती म्हणे, 'टेन्शन आहे.' आमच्या मालवणीतली बाईही हेच म्हणते : 'माका बरा वाटणा नाय, जीव खंयच लागणा नाय.'

या टेन्शनच्या मुळाशी काय होते? म्हापशाच्या जिल्हा इस्पितळात बाळंतपणासाठी आलेल्या २७० स्त्रियांचा अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी त्यांतल्या २३ टक्के स्त्रियांना नैराश्य होते. त्याच्याशी जोडलेल्या गोष्टी कोणत्या? गरिबी, नवऱ्याची मारहाण, आणि मुलगी झाली याची नाराजी. हा अभ्यास करणारे आंबेडकरवादी नव्हते. तरी निष्कर्ष आपल्याला ओळखीचा वाटतो : दुःखाला समाजात पत्ता असतो.

मग प्रश्न आला उपचाराचा. मानसोपचारतज्ज्ञ आणायचे कुठून? उत्तर साधे होते, आणि त्या वेळी धाडसाचेही. तज्ज्ञ नाहीत, तर गावातल्या माणसांना शिकवू. २००७ ते २००९ या काळात 'मानस' नावाचा मोठा प्रयोग झाला. १२ सरकारी प्राथमिक केंद्रे आणि १२ खाजगी दवाखाने निवडले. त्यांतल्या निम्म्या ठिकाणी स्थानिक, वैद्यकीय शिक्षण नसलेल्या स्त्रियांना प्रशिक्षण देऊन बसवले. रुग्णाशी बोलणे, आजार समजावणे, नात्यांतल्या अडचणींवर पद्धतशीर चर्चा करणे हे त्यांचे काम. ज्याला गरज असेल त्याला डॉक्टर गोळ्या देत, आणि वरून मानसोपचारतज्ज्ञाची देखरेख होती. २०१० साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निकाल आला. सरकारी केंद्रांत, सहा महिन्यांनी, जिथे या बाया होत्या तिथे ६५.९ टक्के रुग्ण बरे झाले होते. जिथे नव्हत्या तिथे ४२.५ टक्के. खाजगी दवाखान्यांत मात्र फरक पडला नाही, कारण तिथले रुग्ण नेहमीच्या उपचारानेही जवळपास तेवढेच बरे होत होते. या आकड्यांचा अर्थ आम्ही असा लावतो : ज्याला एरवी कोणी पाच मिनिटे ऐकत नव्हते, त्या सरकारी रांगेतल्या माणसाला ऐकून घेतल्याचा फायदा सर्वांत जास्त झाला. सरकारी केंद्र मोडकळीला आणून 'खाजगीत जा' म्हणणाऱ्यांनी हा निकाल वाचावा.

'मानस'मध्ये गोळ्याही होत्या. नुसते बोलणे किती पुरे पडते, हे पुढच्या प्रयोगात तपासले. २०१३ ते २०१५ या काळात गोव्यातल्या १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत, बऱ्यापैकी तीव्र नैराश्य असलेल्या ४९५ लोकांवर हा प्रयोग झाला. निम्म्यांना नेहमीचे उपचार, थोडे सुधारून. उरलेल्यांना त्याशिवाय सहा ते आठ भेटी, साधारण आठवड्याला एक. भेट घेणारे मानसशास्त्राची पदवी नसलेले स्थानिक लोकच. तीन महिन्यांनी पहिल्या गटात ३९ टक्के लोक आजारातून बाहेर आले होते, दुसऱ्या गटात ६४ टक्के. वर्षभराने पुन्हा तपासले तर ४८ आणि ६३. म्हणजे बोलणे थांबल्यावरही फायदा बराचसा टिकला. हे लोक आपल्या भेटींच्या ध्वनिफिती एकत्र बसून ऐकत, एकमेकांना गुण देत, चुका दाखवत. आपल्या कार्यकर्ता-शिबिरात असे कधी होते का? भाषण झाले की टाळ्या, आणि पुढचा वक्ता.

या भेटींत काय बोलतात? इथे मराठी शब्दानेच घोटाळा केला आहे. 'समुपदेशन' म्हणतो आपण, आणि त्यात 'उपदेश' बसला आहे. त्यामुळे लोकांना वाटते, कोणीतरी शहाणा माणूस खुर्चीत बसून सांगणार, सकारात्मक विचार करा, देवाचे नाव घ्या, मुलांकडे बघा. असला उपदेश फुकट मिळतो, आणि त्याने माणूस आणखी खचतो.

गोव्यातली पद्धत वेगळी होती. तिच्यामागचे निरीक्षण असे : उदास माणूस हळूहळू सगळ्या गोष्टी सोडतो. कामावर जाणे सोडतो, शेजारी बसणे सोडतो, आवडीची गोष्ट सोडतो. सोडल्यामुळे चांगले वाटण्याच्या जागा कमी होतात, म्हणून तो आणखी उदास होतो, आणि उदास झाल्यामुळे आणखी सोडतो. हे चक्र आहे. मन बरे झाले की काम करीन, असे तो म्हणतो. ही पद्धत चक्र उलट्या टोकाने फिरवते : अगदी छोट्या कामापासून सुरू कर, मन मागून येईल.

समजा, मसुरे-आचऱ्याच्या बाजूची एक बाई आहे. पूर्वी सुपे-रोवळ्या विणायची, काजूच्या कारखान्यात जायची. मुलगा अपघातात गेला, तेव्हापासून बसून आहे. गावातलीच एक शिकलेली मुलगी तिच्याकडे येते. विचारते, 'वयनी, काल दिसभर काय काय केलात?' उत्तर येते, 'काय्येक नाय. पडान रवलंय.' मुलगी उपदेश करत नाही. ती तासातासाचा दिवस विचारून कागदावर मांडते, आणि प्रत्येक वेळी जीव कसा होता ते विचारते. त्यातून दिसते की संध्याकाळी शेजारीण चहाला येऊन बसली तेव्हाचा अर्धा तास जरा बरा गेला होता. बाईला स्वतःला ते लक्षात नव्हते. मग दोघी मिळून ठरवतात : या आठवड्यात दोनदा आपणच शेजारणीकडे जायचे. पुढच्या भेटीत विचारतात, गेलात का? नाही गेलात तर कशाने अडले? अडले ते चपलेने असेल, पावसाने असेल, किंवा 'लोक काय म्हणतील' या विचाराने असेल. त्यावर बोलतात. मग बांबूचे एक बेळ काढणे, मग अर्धे सूप. रेशनकार्डाचा, कर्जाचा, नवऱ्याच्या दारूचा प्रश्न असेल तर तोही पायऱ्या पाडून सोडवायला घेतात. मुलाचे दुःख संपत नाही. ते संपावे असे कोणी म्हणतही नाही. पण बाई उठून बसते.

सुपावरून आठवले म्हणून सांगतो. रत्नागिरीच्या फणसवळे गावच्या उर्मिला पवार यांनी आपल्या आत्मकथनाला 'आयदान' हे नाव दिले, ते आईच्या बांबूकामावरून. तरुण मुलगा गेलेली आई विणत राहते, आणि पुढे लेक लिहिते. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनीच १९८९ साली 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक केले, गावोगाव जाऊन आंबेडकरी चळवळीतल्या जुन्या स्त्रियांना बोलते करून. तो उपचार नव्हता, पण ज्यांना कोणी विचारले नव्हते त्यांना विचारणे होते. आपली आत्मकथने साहित्य म्हणून अभ्यासली जातात. समाजाने पहिल्यांदा स्वतःचे गाऱ्हाणे स्वतः मांडले, 'व्हय म्हाराजा' म्हणणे सोडले, असेही ती वाचता येतात.

गोव्यानंतर हे इतरत्रही झाले. विदर्भात अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत गावपातळीवरच्या कार्यकर्त्यांनी काम केले, तेव्हा नैराश्य असलेल्यांपैकी मदतीपर्यंत पोचणाऱ्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. झिम्बाब्वेत डॉ. डिक्सन चिबांडा यांनी २००६ पासून दवाखान्याच्या आवारात बाकडी टाकली आणि त्यांवर वस्तीतल्या आज्या बसवल्या. त्याही चाचणीत उतरल्या. अंनिसच्या लोकांनी 'मानसमित्र' ही कल्पना राबवली, ती याच वाटेवरची.

आता आपल्यातल्याच मित्रांचा आक्षेप. तो आम्ही गंभीरपणे घेतो. ते म्हणतात : दुःखाचे कारण जात आहे, भूमिहीनता आहे, बेकारी आहे. मग माणसाला खोलीत बसवून बोलते करणे म्हणजे अन्यायाशी जुळवून घ्यायला शिकवणे नाही का?

धोका आहे, नाकारत नाही. समोर बसलेला तज्ज्ञ 'तुम्ही सगळं जातीच्या चष्म्यातून बघता' असे म्हणाला, तर तो उपचार नाही, दुसरा अपमान आहे. दिव्या कंदुकुरी यांना बहुजनांसाठी 'द ब्लू डॉन' हा मानसिक आधाराचा गट काढावा लागला, तो उगाच नाही. फ्रांझ फॅनन १९५३ साली अल्जीरियातल्या ब्लिदाच्या मनोरुग्णालयात गेला, आणि वसाहतीच्या राजवटीत माणसाला 'बरे' करण्याला मर्यादा आहे हे पाहून १९५६ साली त्याने राजीनामा दिला. त्याचा राजीनामा आपले लोक आवडीने सांगतात. त्याआधीची तीन वर्षे तो रोज रुग्णांमध्ये बसत होता, त्यांचे बोलणे ऐकत होता, हे सांगत नाहीत.

चांगला बोलणारा 'जात नाही' असे म्हणत नाही. तो एक गाठ सोडवतो. वर्गात अपमान झाला, ही बाहेरची गोष्ट; ती खरी आहे. 'म्हणजे माझ्यातच काही कमी आहे, मी इथे यायलाच नको होते' ही आत शिरलेली गोष्ट. ती खोटी आहे. नैराश्यात या दोन्ही एकच वाटू लागतात. त्या वेगळ्या करणे म्हणजे जुळवून घेणे कसे? पहिलीशी लढायला ताकद हवी, आणि ती ताकद दुसरी खाऊन टाकते.

बाबासाहेबांनी धम्माची मांडणी करताना हाच प्रश्न सोडवला. दुःख म्हणजे गेल्या जन्मीच्या कर्माचे फळ, हे उत्तर त्यांनी स्वीकारले नाही; चार आर्यसत्ये ज्या स्वरूपात सांगितली जातात त्यावरही 'बुद्ध आणि त्याचा धम्म'च्या प्रस्तावनेत त्यांनी प्रश्न उभा केला. दुःख आहे हे मान्य करायचे, त्याची कारणे याच जगात शोधायची आणि ती दूर करायची, हा त्यांचा धम्म. 'तुझं प्रारब्ध' म्हणणारा भटजी, 'बाधा आहे' म्हणणारा भगत आणि 'तू कमजोर आहेस' म्हणणारा आपला कार्यकर्ता, तिघेही दोष दुःखी माणसाच्याच पदरात टाकतात. तिसऱ्याने निदान हातात निळा झेंडा धरून तसे करू नये.

आणि बाबासाहेब स्वतः? जुलै १९२६ मध्ये त्यांचा राजरत्न गेला. त्याआधी तीन मुले गेली होती. पुढच्या महिन्यात कोल्हापूरच्या दत्तोबा पवारांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी आपण आणि रमाई या धक्क्यातून सावरलेलो नाही हे सरळ लिहिले. धीराचा मुखवटा घातला नाही. मित्रापाशी दुःख शब्दांत मांडले. त्या पत्राने ते बरे झाले असा दावा आम्ही करत नाही. एवढेच म्हणतो, की मार्च १९२७ मध्ये महाडच्या तळ्यावर उभा राहिलेला माणूस सात महिन्यांपूर्वी 'मी मोडलो आहे' हे सांगायला लाजला नव्हता.

एक इशाराही द्यायला हवा. बुद्धाने सायकोथेरपी शोधली, असले व्हॉट्सॲपी दावे आपण करू नयेत. किसा गोतमीला घरोघर मोहरी मागायला पाठवणारा बुद्ध दुःखी माणसाला उपदेशाआधी लोकांमध्ये पाठवतो, हे सुंदर आहे. पण ते वैद्यकीय चाचणीची जागा घेत नाही. विपश्यनेचेही तसेच. अनेकांना तिचा आधार वाटतो. पण तीव्र नैराश्यात असलेल्या मुलाला 'इगतपुरीला दहा दिवस जाऊन ये' म्हणणे धोक्याचे ठरू शकते. केंद्राच्या अर्जातही मानसिक आजाराविषयी विचारलेले असते, ते त्यासाठीच. बोलण्याच्या उपचारालाही मर्यादा आहेत. आजार तीव्र असेल, भास होत असतील, जीव द्यायचे विचार येत असतील, तर डॉक्टर हवा, गोळ्या लागू शकतात, आणि चालू गोळ्या आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत.

मग सिंधुदुर्गात काय? आजही अवघड रुग्ण आला की आपल्याकडे 'बांबोळीला न्या' म्हणतात. गोव्याच्या मोठ्या इस्पितळात आपण शरीर घेऊन जातो. त्याच गोव्याच्या छोट्या आरोग्य केंद्रांत सिद्ध झालेली गोष्ट मात्र अजून आपल्या गावच्या केंद्रात रोजची झालेली नाही. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण २०१५-१६ साली १२ राज्यांत झाले. त्यात महाराष्ट्र नव्हता. त्या सर्वेक्षणात नैराश्यासारखे आजार असलेल्या जवळपास ८५ टक्के लोकांना उपचार मिळत नसल्याचे दिसले.

कायदा आपल्या बाजूला आहे. २९ मे २०१८ पासून लागू झालेल्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचे कलम १८ सांगते की सरकारी खर्चाने चालणारी मानसिक आरोग्य सेवा हा प्रत्येकाचा हक्क आहे, आणि त्यात जातीवरून भेदभाव करता येणार नाही. 'जात' हा शब्द कलमात आहे. कलम ११५ सांगते की जीव द्यायचा प्रयत्न केलेला माणूस तीव्र ताणाखाली होता असे धरून चालायचे, त्याला शिक्षा करायची नाही. ॲट्रॉसिटी कायद्याची कलमे आपल्याला तोंडपाठ असतात. ही दोनही पाठ करावीत.

प्राथमिक आरोग्य केंद्रात बोलण्याच्या उपचारासाठी प्रशिक्षित माणूस, पगारी, आणि गावातलाच, ही मागणी जिल्हा परिषदेपुढे नेली पाहिजे. पगारी हा शब्द आम्ही मुद्दाम घातला आहे. आशाताईंवर आणखी एक काम मोबदल्याशिवाय लादायचे आणि त्याला सेवा म्हणायचे, हा बलुत्याचाच नवा प्रकार होईल. आणि विहारात वंदना झाल्यावर, पुढच्या जयंतीची वर्गणी कोणाकडे राहिली हे विचारून झाले, की बैठकीला न आलेल्या त्या कार्यकर्त्याच्या घरी एकाने जावे. कारण विचारायला नव्हे, नुसते बसायला. 'काल दिसभर काय केलास?' एवढे विचारावे आणि उत्तर संपेपर्यंत मध्ये बोलू नये. तो म्हणाला की जगावेसे वाटत नाही, तर एकटे सोडू नये, ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात सोबत जावे, आणि रात्रीची वेळ असेल तर टेलि-मानसचा १४४१६ हा नंबर त्याच्यासमोर लावावा. तो मोफत आहे, चोवीस तास चालतो, आणि पलीकडे मराठीत बोलता येते.